स्टंपांमागचा माणूस



गेल्या महिन्यात आमच्या शाळेतला एक मुलगा रुसला. माझ्यावर नाही, अख्ख्या मैदानावर. दुपारची खिचडी झाली, सगळी पोरं बॅट-बॉल घेऊन पळाली, आणि हा चौथीतला पठ्ठ्या वर्गाच्या पायरीवर बसून काडीनं मातीत रेघोट्या ओढत राहिला.

"काय रे, आज खेळायचं नाही?"

मान नुसती हलली. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मॅडम, मले नेहमी मांगंच कायले उभं करते?"

आता हे 'मांगं' म्हणजे कुठं, ते कळायला तुम्हाला आमचं मैदान पाहायला हवं. सूरजागड हे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातलं गाव. चहूकडे जंगल आणि डोंगर. जानेवारीत इथं ठाकूरदेवाची मोठी यात्रा भरते. डोंगराच्या पोटात लोखंडाची खनिजं आहेत, त्यामुळे इथली धूळसुद्धा लाल. आमचा रबरी चेंडू कुठल्याही रंगाचा आणा, आठ दिवसांत तो लालच होतो. स्टंप म्हणजे बांबूच्या तीन काड्या. आणि या काड्यांच्या मागे दहा पावलांवर उतार सुरू होतो, तो थेट नाल्यात. फलंदाजानं हुकवलेला आणि मागच्यानं सोडलेला प्रत्येक चेंडू गडगडत खाली जातो, काटेरी झुडपात शिरतो. आणायला कोण जाणार? मागे उभा असेल तो. नियमच आहे तसा.

दुसरा नियम तुमच्याकडेही असेलच. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. आमच्या रुसूबाईकडे बॅट नाही, वय लहान, उंची त्याहून लहान. म्हणून रोज विकेटकीपर. हातात ग्लोव्हज नाहीत, पायाला पॅड नाहीत. नडग्यांवर चेंडू लागून लागून निळे डाग पडलेले.

मी त्याला म्हटलं, "अरे, मागे उभं राहणंही फार महत्त्वाचं असतं." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्पच झाले. मोठी माणसं असं काही बोलायला लागली की मुलं लगेच ओळखतात, ह्यांना उत्तर येत नाही. आणि खरंच येत नव्हतं. मी आयुष्यात क्रिकेट खेळलेली नाही. डी.एड.ला असताना खो-खो खेळले, तेवढंच. मग मी उत्तर द्यायचं सोडून प्रश्न विचारला. "बरं, रोज मागे उभा राहून तुला काय काय दिसतं ते तरी सांग."

आणि मित्रांनो, तो बोलायलाच लागला. हा मुलगा घरी माडिया बोलतो. वर्गात मराठीत एक वाक्य काढायचं तर मला दहा वेळा विचारावं लागतं. पण आता थांबेना. पाचवीतला एक जण चेंडू जोरात आला की डोळे मिटतो. दुसरा मारायच्या आधी डावा पाय बाजूला नेतो, मग त्याच्या पायात टाकला की तो चुकतो. एक जण हळू चेंडू टाकायचा असला की जीभ बाहेर काढतो. "त्याले सांगलं तर नाही म्हणते, पण काढते."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मैदानावर जाऊन पाहिलं. जीभ बाहेर येत होती!

मग मी वाचायला लागले. जुने अंक काढले, लोकांना विचारलं. स्टंपांमागे उभं राहून ज्यानं असं सगळं पाहून ठेवलं आणि पुढे त्याचं काही केलं, असा कुणी आहे का? आणि सापडला तो माणूस आपल्याच विदर्भाच्या संघाला शिकवून गेलेला निघाला. त्यांचं नाव चंद्रकांत पंडित.

त्यांच्याकडे जाण्याआधी एक गंमत करून पाहा. उकिडवे बसा, दोन्ही हात पुढे, बोटं खाली, वजन टाचांवर नाही, चवड्यांवर. आता चेंडू टप्पा खाऊन वर येतोय असं समजून त्याच्याबरोबर हळूहळू उठा. आधी उठलात तर चेंडू खालून जातो, उशिरा उठलात तर वरून. झालं? हे सहा वेळा करा. हे एक षटक झालं. मोठ्या सामन्यात दिवसाला नव्वद षटकं ठरलेली असतात. म्हणजे ५४० वेळा बसायचं आणि उठायचं. मी आमच्या मैदानावर दोन षटकं केलं आणि रात्री जिना नसलेल्या घरातही मला जिना चढल्यासारखं वाटत होतं.

बरं, नुसतं बसणं-उठणं नाही. गोलंदाज वेगवान असेल तर खूप मागे उभं राहायचं, फिरकी असेल तर स्टंपांना चिकटून. चिकटून उभं राहिलं की चेंडू फलंदाजाच्या अंगाआड जातो, क्षणभर दिसतच नाही. तो दिसत नसतानाही कुठं निघणार ते ठाऊक असावं लागतं. म्हणून यष्टीरक्षक फलंदाजाचे पाय पाहतो, गोलंदाजाचं मनगट पाहतो, खेळपट्टीवरची माती कुठं उखडलीय ते पाहतो. फलंदाज, गोलंदाज आणि बहुतेक सगळे क्षेत्ररक्षक त्याला एका नजरेत दिसतात. प्रत्येक चेंडू त्याच्याकडेच येणार असं धरून तो खेळतो. सीमारेषेवरचा खेळाडू मधूनच आभाळाकडे पाहू शकतो. याला ती सोय नाही. आणि बक्षीस काय? शंभर चेंडू नीट पकडले तर कुणी टाळी वाजवत नाही, एक झेल सुटला की सगळं मैदान डोक्यावर हात मारतं.

चंद्रकांत पंडित हे मुंबईचे. जन्म १९६१ सालचा. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली ते तयार झाले. आचरेकर सर म्हटलं की तुम्हाला सचिन तेंडुलकर आठवतो, ते बरोबरच आहे. पण सरांबद्दलची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. त्यांनी स्वतः प्रथम श्रेणीचा सामना खेळला तो एकच, १९६३-६४ च्या मोसमात, स्टेट बँकेकडून. एकच! भारताकडून खेळणं दूर राहिलं. आणि त्यांनी घडवलेले खेळाडू मोजायला बसलात तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत. सरकारनं त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार दिला. २ जानेवारी २०१९ रोजी सर गेले.

पंडित चांगले फलंदाज होते आणि यष्टीरक्षकही. पण एका गोष्टीचा विचार करा. संघात गोलंदाज चार-पाच असतात, फलंदाज सहा-सात असतात. स्टंपांमागची जागा एकच. त्या काळात भारतीय संघात ती जागा बडोद्याच्या किरण मोरे यांच्याकडे होती. मोरे ४९ कसोटी सामने खेळले. पंडितांच्या वाट्याला पाच आले. जून १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला ते पहिली कसोटी खेळले, पण तेव्हासुद्धा स्टंपांमागे मोरेच होते. पंडितांना फलंदाज म्हणून घेतलं होतं. १९८७ च्या विश्वचषकात मुंबईच्या वानखेडे मैदानावर उपांत्य सामना झाला, त्यात पंडित होते, पण तो सामना भारत हरला. पाच कसोटी, छत्तीस एकदिवसीय सामने, आणि १९९२ मध्ये भारतीय संघाचं दार बंद झालं.

वाईट वाटलं असेल का? असणारच. पण ते खेळत राहिले. रणजी करंडक ही आपल्या देशातली राज्याराज्यांच्या संघांची मोठी स्पर्धा. पंडित आधी मुंबईकडून, पुढे मध्य प्रदेशाकडून खेळले. प्रथम श्रेणीत त्यांच्या आठ हजारांहून जास्त धावा झाल्या.

आणि मग आला १९९९ सालचा एप्रिल. बंगळूरचं चिन्नास्वामी मैदान, रणजीचा अंतिम सामना, समोर कर्नाटक. मध्य प्रदेशाचे कप्तान चंद्रकांत पंडित. त्या संघानं रणजी करंडक कधीच जिंकलेला नव्हता. पहिल्या डावात मध्य प्रदेशानं ७५ धावांची आघाडी घेतली. सामना हातात आला होता म्हणा ना. आणि शेवटच्या डावात संघ कोसळला. ९६ धावांनी हार. हा आकडा लक्षात ठेवा आणि ते मैदानही. आपण तिथं परत येणार आहोत.

आता मी तुम्हाला जरा लांब नेते. लांब म्हणजे अमेरिकेत. तिथं बेसबॉल नावाचा खेळ आहे. बॅट आपल्या मुसळासारखी गोल. चेंडू टप्पा न पडता थेट अंगावर येतो. आणि फलंदाजाच्या मागे तिथंही एक जण उकिडवा बसलेला असतो. त्याला कॅचर म्हणतात. तोंडावर जाळी, छातीवर कवच. तो दोन्ही पायांच्या मध्ये हात लपवून बोटांनी खुणा करतो आणि कुठला चेंडू टाक ते गोलंदाजाला सांगतो. म्हणजे चेंडू टाकणारा एक, ठरवणारा दुसरा!

जिम लेलँड नावाचा एक कॅचर होता. १९६४ पासून १९७० पर्यंत तो खेळला, पण कुठं? धाकट्या संघांत. मोठ्या संघाकडून एक सामना, एकसुद्धा, त्याला कधी खेळायला मिळाला नाही. मग त्यानं शिकवायला घेतलं, तेही धाकट्या संघांनाच, दहा-अकरा वर्षं. १९८६ मध्ये त्याला पहिल्यांदा मोठा संघ सांभाळायला मिळाला. १९९७ मध्ये त्याच्या फ्लोरिडाच्या संघानं अमेरिकेतली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. २०२४ मध्ये बेसबॉलच्या थोर माणसांच्या दालनात त्याचं नाव लागलं. त्या दालनात नाव लागावं म्हणून नावाजलेले खेळाडू आयुष्यभर वाट पाहतात. हा तर मोठ्या मैदानावर कधी खेळलाच नव्हता! आणि तिकडे हा काही एकटाच नाही. कॅचर असलेले प्रशिक्षक बेसबॉलमध्ये खूप झाले. ज्याला सगळं मैदान समोर दिसतं त्याला सगळ्यांचं काम कळतं, असं तिकडचे लोक मानतात. आमच्या चौथीतल्या पठ्ठ्याला जिभेचं गुपित कळलं ते उगाच नाही.

चला, परत घरी. पंडितांनी खेळणं थांबवलं आणि प्रशिक्षक झाले. मुंबईच्या संघानं त्यांच्या हाताखाली २००२-०३ आणि २००३-०४ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. २०१५-१६ मध्ये पुन्हा एकदा. तुम्ही म्हणाल, मुंबई तर जिंकतेच! बरोबर. रणजीत मुंबईचं नाव सर्वांत जास्त वेळा कोरलेलं आहे. त्यामुळे मुंबईला जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाला लोक शाबासकी देतात, पण मनात म्हणतात, संघच तसा होता.

२०१७ मध्ये पंडित नागपूरला आले. विदर्भाचा संघ शिकवायला.

इथं मला तुम्हाला थोडं आमच्याबद्दल सांगायचंय. महाराष्ट्रातून रणजीला तीन संघ जातात. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून खेळतोय. साठ वर्षं! आणि त्या साठ वर्षांत करंडक तर सोडाच, अंतिम सामनासुद्धा कधी गाठला नव्हता. आम्हाला हरायची सवय झाली होती. आमच्याकडून कुणी मोठा खेळाडू झाला तर बातमी व्हायची, संघ जिंकला अशी नाही.

पंडित आले आणि शिस्त आली. वेळेवर म्हणजे वेळेवर. त्यांच्या हाताखाली खेळलेले सगळे जण पहिल्यांदा शिस्तीचंच सांगतात. संघाचा कप्तान नागपूरचा फैज फजल. मुंबईहून आलेला अनुभवी वसीम जाफर सोबतीला. आणि बाकी बरीचशी पोरं अशी, की विदर्भाबाहेर त्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती.

त्या वर्षी डिसेंबरात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना झाला. समोर कर्नाटक. या सामन्याबद्दल मी जितकं वाचलं तितकं अंतिम सामन्याबद्दलही वाचलं नाही, कारण हा वाचताना माझ्याच तळहाताला घाम येतो. पहिल्या डावात विदर्भ १८५ वर आटोपला. कर्नाटकनं ३०१ केल्या. म्हणजे ११६ नं मागे. दुसऱ्या डावात विदर्भानं चिवटपणे ३१३ केल्या. आता कर्नाटकला जिंकायला हव्या होत्या १९८. फार नाहीत. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा त्यांच्या ७ बाद १११ झाल्या होत्या. तुम्ही म्हणाल, संपलाच की सामना! नाही संपला. शेवटच्या खेळाडूंनी एकेक धाव करत, मधेच जोरात मारत आकडा १९२ वर नेला. सहा धावा हव्या होत्या. एक जोरदार फटका पुरला असता. आणि रजनीश गुरबानीनं शेवटचा बळी घेतला. विदर्भ पाच धावांनी जिंकला! गुरबानीनं त्या सामन्यात बारा बळी घेतले. तो शिकलेला इंजिनिअर आहे बरं का. संघात उमेश यादवही होता, भारताचा वेगवान गोलंदाज. त्याचे वडील नागपूरजवळच्या कोळशाच्या खाणीत कामाला होते. खाणीचं गाव म्हणजे काय ते आमच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

अंतिम सामना इंदूरला, २९ डिसेंबरपासून. समोर दिल्ली. गुरबानीनं पहिल्याच डावात हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅटट्रिक त्याआधी एकदाच झाली होती. दिल्ली २९५ वर आटोपली.

पण मला ज्याच्यासाठी हा सामना सांगायचाय तो गोलंदाज नाही. विदर्भाचा यष्टीरक्षक अक्षय वाडकर. नागपूरचा. मोठ्या क्रिकेटमधला त्याचा तो पहिलाच मोसम होता आणि शतक एकही झालं नव्हतं. तो फलंदाजीला आला, टिकला, आणि त्यानं १३३ धावा केल्या. आयुष्यातलं पहिलं शतक, तेही रणजीच्या अंतिम सामन्यात. खालच्या क्रमांकावरच्या आदित्य सरवटेनं ७९, सिद्धेश नेरळनं ७४ केल्या. सरवटे आणि नेरळ हे मुळात गोलंदाज! विदर्भाचा डाव ५४७ वर पोचला. १ जानेवारी २०१८ ला, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, विदर्भानं सामना नऊ गडी राखून जिंकला.

लोक म्हणाले, एकदा झालं, नशीब असेल. पुढच्या वर्षी नागपूरच्या जामठा मैदानावर पुन्हा अंतिम सामना झाला, सौराष्ट्राशी. चेतेश्वर पुजारासारखा मोठा फलंदाज समोर. सरवटेनं त्याला पहिल्या डावात १ आणि दुसऱ्या डावात शून्यावर बाद केलं, सामन्यात अकरा बळी घेतले. विदर्भ ७८ धावांनी जिंकला. ७ फेब्रुवारी २०१९. मग इराणी करंडकही जिंकला, आणि त्या बक्षिसाचे पैसे संघानं पुलवामात शहीद झालेल्या जवानांच्या कुटुंबांना दिले.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाला गेले. हो, तोच संघ. आणि २०२२ च्या जूनमध्ये तो संघ रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला. मैदान कुठलं, सांगा पाहू? बंगळूरचं चिन्नास्वामी. तेवीस वर्षांपूर्वी कप्तान म्हणून जिथं ते हरले होते तेच. समोर तर मुंबई, त्यांचा स्वतःचा जुना संघ. मुंबईनं ३७४ केल्या, मध्य प्रदेशानं ५३६. तीन जणांनी शतकं ठोकली. मुंबईचा दुसरा डाव २६९ वर संपला आणि २६ जून रोजी मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. पहिल्यांदाच. खेळाडूंनी पंडितांना खांद्यावर घेतलं. एवढा कडक माणूस, पण त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते. सगळ्यांनी पाहिलं. प्रशिक्षक म्हणून हा त्यांचा सहावा रणजी करंडक.

आता थोडी माझी शंका. मी रोज मुलांना शिकवते, म्हणून मला ती येते. पंडितांचा कडकपणा सगळ्यांना मानवतो का? नाही. २०२२ नंतर ते आयपीएलमध्ये कोलकात्याच्या संघाचे प्रशिक्षक झाले. २०२४ मध्ये त्या संघानं आयपीएल जिंकली, तेव्हा गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून सोबत होता. पण त्या संघात खेळून गेलेला डेव्हिड वीसा यानं नंतर उघड सांगितलं, की जगभर फिरून खेळलेल्या परदेशी खेळाडूंना असं कडक वागणं जड गेलं. कधी काय घालायचं, कसं वागायचं, हे कुणी सांगितलेलं त्यांना आवडलं नाही. २०२५ मध्ये पंडितांनी तो संघ सोडला. मला वाटतं दोन्ही बाजू खऱ्या असाव्यात. ज्या पोरांनी कधीच काही जिंकलेलं नाही त्यांना कुणीतरी हात धरून उठवावं लागतं. जे आधीच उभे आहेत त्यांना तोच हात टोचतो. माझ्या वर्गातही एकाला ओरडलं तर तो अभ्यासाला लागतो आणि दुसऱ्याला ओरडलं तर तो दोन दिवस शाळेत येत नाही. कुणाला काय ते ओळखायचं कसं? मला अजून नीट जमलेलं नाही.

आणि अक्षय वाडकर? तो विदर्भाचा कप्तान झाला. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईशी अंतिम सामना होता. जिंकायला ५३८ हव्या होत्या, म्हणजे जवळजवळ अशक्यच. वाडकरनं १०२ केल्या, संघ ३६८ पर्यंत झुंजला आणि हरला. पुढच्या वर्षी जामठ्याला केरळशी अंतिम सामना झाला. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९, केरळच्या ३४२. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ जिंकला. २ मार्च २०२५ ला करंडक उचलायला पुढे आला तो स्टंपांमागे उभा राहणारा मुलगा. पंडित तेव्हा विदर्भात नव्हते. जाऊन पाच वर्षं होत आली होती.

हे सगळं मी आमच्या रुसूबाईला दोन दुपारी सांगितलं. पायरीवर बसूनच. वाडकरच्या शतकाला त्यानं मान डोलावली. पाच धावांनी जिंकलेल्या सामन्यात तर खिचडीचं ताट बाजूला ठेवलं. लेलँडचं नाव त्याला म्हणता येईना, तेव्हा त्यानं त्याचं 'लेलंडा' केलं. बंगळूरच्या मैदानाचं ऐकून बराच वेळ गप्प बसला. मला वाटलं, झालं, पटलं याला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटणार, तेवढ्यात त्यानं विचारलं,

"मॅडम, ते पंडित सर मांगं उभे राहाचे, तवा नाल्यातून बॉल आणाले कोण जाये?"

मी म्हटलं, "अरे, तिथं नाला नसतो. सीमारेषा असते. तिथले खेळाडू चेंडू फेकतात."

"मंग आपल्याकडं बी तसंच करा ना!"

त्याच दिवशी मैदानावर मोठी सभा भरली. पाचवीतली पोरं आधी ऐकेनात. हा एवढासा, पण हटेना. जो डोळे मिटतो त्याला म्हणाला, "तू डोये मिटतं, तुह्या बॉलसाठी मी कायले जाऊ?" जीभवाल्याचंही गुपित त्यानं सगळ्यांसमोर फोडलं, त्यावरून थोडी मारामारी होता होता राहिली. शेवटी नवा नियम ठरला. उताराच्या कडेला एक जण कायमचा उभा करायचा, पाळीपाळीनं, बॅटवाल्यासकट. कीपरनं चेंडू सोडला तर तो अडवणार, आणि तरीही नाल्यात गेला तर फलंदाज आणि कीपर दोघांनी मिळून आणायचा.

आठवडाभर हा नियम पाळला गेला. काल बॅटच्या मालकाची पाळी आली कडेला उभं राहायची, तर तो बॅट घेऊन घरी गेला. आज पोरांनी बांबूच्या फळीची नवी बॅट केलीय. ती कुणाचीच नाही.

रुसूबाई आज बॅटिंगला गेला होता. तिसऱ्या चेंडूवर त्रिफळा उडाला. मग स्वतःच जाऊन स्टंपांमागे उभा राहिला आणि गोलंदाजाला खुणा करायला लागला, दोन्ही पायांच्या मध्ये हात लपवून. गोलंदाजाला त्यातलं काही कळत नव्हतं.